कर्ण्याचं तोंड गुंडूच्या घराकडं

न्हाय पण मला एक सांगा, कीर्तनात बुवा जे सांगत्यात ते ऐकायचं असतंय का करायचं असतंय?... सांगा की! आता का खाली बघताय? इतकी वर्षं आमची कसबा बावड्यातली सगळी गल्ली ऐकतीया, कुणी काय केलंय? न्हाय न्हवं? मग कुणाचं काय बिघडलं? बुक्का लावला, खिरापत खाल्ली, चपला हुडकल्या, घरी गेलो, झोपलो. इतकं सोपं काम हाय ते! आन् ते सोडून आमच्याच घरात ही अवदसा आठवावी?... ऐकायचं असतंय, पावणं, ऐकायचं! करत बसलं तर माणसानं जगायचं कसं?

तुमाला सांगतो, मी काय साधासुधा ऐकणारा न्हवं. बाळासो म्हणत्यात मला, आमच्या मारुतीच्या देवळातल्या सप्त्याचा म्होरक्या. खांबाला टेकून पयल्या रांगेत बसायची जागा माजी. तिथं दुसरं कुणी बसलं तर त्याला आपोआप खोकला येतोय, मी नुसतं त्याच्याकडं बघतो म्हणून. आन् ऐकायची बी एक कला असती, पावणं. कवा मान हलवायची, कवा डोळं मिटायचं, कवा 'वा बुवा!' म्हणायचं आन् कवा उपरण्यानं डोळं पुसायचं... ह्यात आपला हात कुणी धरणार न्हाय. पेठ वडगावचं पिराजीबुवा सोता म्हणालं, "बाळासो, तुमी म्होरं बसला की मला सांगायला जोर चढतोय!" मग? उगच हाय?

आन् मी एकटाच न्हवं, आमची गल्लीच ऐकण्यात तयार. बुवांनी सांगितलं, "दुधात पाणी घालू नगा," तर सगळ्यात जोरात मान कुणी हलवली? हंबीरराव दूधवाल्यानं! आन् सकाळी दूध बघतोय तर लोट्याचा तळ दिसतोय. बुवांनी सांगितलं, "दुसऱ्याची चहाडी करू नगा," तर बायकांच्या बाजूनं असा हुंदका फुटला, असा हुंदका फुटला... आन् देवळाच्या पायरीवरच, कोण किती खोटं रडली ह्याची चर्चा सुरू. ह्याला म्हणत्यात ऐकणं! हितलं हितं ठेवायचं, घराला न्यायचं न्हाय. देवळातली घंटा कुणी घरी नेतंय काय?

तर आता मूळ दुखणं. मला एक भाऊ हाय. धाकटा. गुंडू. भिंतीला भिंत लावून ऱ्हातोय. आन् आमचं बोलणं न्हाय. किती वर्षं न्हाय, इचारू नगा, बोलणं तुटलं तवा त्याचं पोरगं रांगत होतं, आता ते साखर कारखान्यात कामाला जातंय.

कशावरनं तुटलं? आता तुमी म्हणशीला जमीन असंल, बांध असंल... छ्या! त्यासाठी कोण भांडतंय? मुंडीवरनं तुटलं. बोकडाच्या मुंडीवरनं! हसू नगा. आमच्यात वर्षाला म्हाई असती, देवीला बोकड, सगळ्या भावकीचं जेवान. आन् आमच्या घराचा रिवाज असा की त्या बोकडाची मुंडी घरातल्या थोरल्याच्या ताटात पडायची. आज्याच्या ताटात पडली, बाच्या ताटात पडली. बा गेला, पयली म्हाई आली, मी नवं धोतर नेसून पाटावर बसलोय, मिशीला पीळ दिऊन बसलोय... आन् आमचा गुंडू उठला आन् मुंडी उचलून त्याच्या कागलच्या सासऱ्याच्या ताटात घातली! का तर म्हणं, "पावणं पयल्यांदा आल्यात." आरं, पावणं आल्यात तर तंगडी घाल, कलिजी घाल... मुंडी? आन् तो कागलकर! भेजा मिटक्या मारत खाल्ला हो माज्या म्होरं, आन् वर मलाच इचारतोय, "बाळासो, तुमी जेवत का न्हाय?" मी ताटावरनं उठलो. दुसऱ्या दिवशी घराच्या म्होरल्या सोप्याच्या मधी भिंत घातली. आता ह्यात माजं काय चुकलं?... न्हाय, सांगा की.

म्हणून सप्ता आला की मी एक काम हटकून करायचो. आमच्या सप्त्याला लाऊडस्पीकर फक्रुद्दीनचा. एक कर्णा देवळावर आन् दुसरा माज्या घराच्या माळवदावर. तर मी फक्रुद्दीनला सांगायचो, "कर्ण्याचं तोंड गुंडूच्या घराकडं कर. सरळ त्याच्या चौकटीत जाऊ दे आवाज." का? तर तो कीर्तनाला येत न्हाय, मी म्होरक्या हाय म्हणून! आन् बुवा जे सांगत्यात ते त्यालाच ऐकायची गरज हाय न्हवं? थोरल्याचा मान, भावाचं परेम... मला काय गरज हाय? मी तर रोज ऐकतोय! फक्रुद्दीन कुरकुरायचा, "बाळासो, त्यास्नी म्हशी हायत वो, बुजत्यात. पान्हा सोडत न्हाईत. गेल्या साली गुंडूच्या मालकीण झुंबरबाई चरवी घिऊन मागं लागलत्या माज्या." मी म्हणालो, "बुजू दे! म्हशींच्याबी कानावर चार चांगलं शब्द पडू देत."

तर एका साली... काल्याच्या आदल्या सांजचं कीर्तन. पिराजीबुवांनी असा काय इषय काढला, तुमाला सांगतो, काळजालाच हात घातला. इणा गळ्यात, एक पाय म्होरं, आवाज असा खालच्या पट्टीत आणला... "मायबाप, ज्या भावासंगं एका ताटात जेवला, त्याच्या घरचा धूर तुमच्या डोळ्याला झोंबायला लागला? उद्या देवाच्या दारात जाशीला, देव इचारंल, एकटाच आलास? तुजा भाऊ कुठं हाय? काय सांगशीला? भिंतीपल्याड हाय म्हणून सांगशीला?... मायबाप, ज्यापायी तुटलं, तेच उचला आन् त्याच्या दारात न्हिऊन ठेवा! मान ठेवा, हट्ट ठेवा, समदं न्हिऊन ठेवा आन् मोकळं व्हा!"

रडलो की हो मी! खोटं कशाला सांगू, ह्या खेपेला उपरणं नुसतं लावलं न्हाय, चांगलं पिळायला झालतं. फुडं जाऊन बुवांच्या पायावर डोस्कं ठेवलं, हार घातला, ह्याला मिठी मार, त्याला मिठी मार... हंबीररावाला मिठी मारली, बगा! आन् मनात काय इचार आला ठावं हाय? म्हटलं, गुंडूनं ऐकलं असंल तर आज त्याला झोप लागायची न्हाय. बरी खोड मोडली! घरी आलो, भाकरी-आमटी खाल्ली आन् ढाराढूर झोपलो. मला का झोप लागू न्हाई? माजं काम झालतं. ऐकायचं असतंय, पावणं, ऐकायचं!

पण घात कुठं झाला सांगू? आमची बायडाबाई. आता ही माजी बायकू कधी देवळात येऊन बसत न्हाय. तिला सवडच न्हाय. बुवांचं जेवान हिच्याकडं, टाळकऱ्यांचा चहा हिच्याकडं, सांजची खिरापत हिच्याकडं. मला वाटायचं, हिच्या कानावर काय पडतच नसंल. पण कर्णा कुठं बांधलाय? आमच्याच माळवदावर! ती खाली चुलीपाशी भाकरी थापतीया आन् वरनं बुवा सांगाय लागल्यात. आन् हिला कवा मान हलवायची, कवा 'वा बुवा' म्हणायचं, ह्यातलं काय म्हंजे काय येत न्हाय. अडाणी वो! कीर्तन कसं ऐकायचं हेच ठावं न्हाय. नुसतं ऐकतीया... आन् खरं धरून बसतीया!

बरं, सप्ता उठला. सकाळी काल्याचं कीर्तन झालं, लाह्या उधळल्या, बुवा जेवलं आन् लगोलग वडगावची एसटी धरली. बुवा हुशार माणूस. सप्ता उठला की दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत बोकड पडतंय, हे त्यास्नी ठावं हाय. सात दिवस दोडका आन् वरण खाऊन गल्लीची तोंडं अशी आंबलेली असत्यात की सांगायची सोय न्हाय! बोकड पडलं, वाटं झालं, आन् मुंडी कुणाची? सप्त्याच्या म्होरक्याची! तो माजा मान. म्हाईचा मान गुंडूनं घालवला, पण हा मान कुणाचा बाप घिऊ शकत न्हाय.

सकाळीच मुंडी भाजून, खरवडून, निवडून बायडाबाईच्या म्होरं ठेवली. म्हटलं, "तांबडा रस्सा कर, चटणी हात सैल सोडून घाल, आन् भेजा फुटू दिऊ नगं." आन् मी गेलो पंचगंगेवर आंगूळीला. पाण्यात सुदिक मला त्या रश्श्याचा वास येत होता, आईशप्पत! वाटंत दोघं-तिघं भेटलं, म्हणालं, "बाळासो, आज मुंडी व्हय?" मी म्हटलं, "व्हय की!" असा ताठ मानेनं घरी आलो, पाट मांडला, ताट घेतलं, आन् म्हटलं, वाढणार वाढंल तवा वाढंल, आपण आधी बघून तर घिऊ... झाकण उचललं...

न्हाय!

रस्सा हाय. तर्री हाय. वर कोथमीर हाय. मुंडी न्हाय! पळी घातली, तळ ढवळला, परत ढवळला. चार मटणाची बोटकं आन् एक नळी! मला वाटलं, मांजार. पण मांजार झाकण उघडून मुंडी नेतंय आन् परत झाकण लावतंय काय? मी वरडलो, "अगंऽऽ! मुंडी कुठाय?"

तर ही परसातनं हात पुशीत आली. आवाजात काय पण फरक न्हाय, शेजारी इरजण दिलं म्हणून सांगावं तसं म्हणाली, "भावजींच्यात दिली."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. म्हटलं, "कुणाच्यात?"

"भावजींच्यात. गुंडू भावजींच्यात. ताट झाकून न्हिऊन दिली. झुंबर रडाय लागली बिचारी."

पावणं, पळी माज्या हातातनं रश्श्यात पडली! पाटावर बसलो. म्हटलं, "आगं... आगं... तुला कुणी सांगितलं?" तर मला म्हणती, "बुवांनी!" कोण बुवा? "पिराजीबुवा. ज्यापायी तुटलं तेच उचला आन् त्याच्या दारात न्हिऊन ठेवा. तुमचं कशापायी तुटलं? मुंडीपायी. मग मुंडी न्हिऊन ठेवली." मी म्हटलं, "आगं, ते आपल्यासाठी न्हवं सांगितलं!" तर म्हणती, "मग कुणासाठी सांगितलं? तुमी तर रडला म्हणं सगळ्यांच्या म्होरं. मला वाटलं, तुमच्या मनातच हाय, पर तुमास्नी लाज वाटतीया."

आता हिला काय सांगावं? डोस्कं फोडून घ्यावं? मी तिला बजावलं, "ऐकायचं असतंय गं ते, ऐकायचं!" तर माज्याकडं अशी बघाय लागली, जसं काय मीच येडा. "ऐकलंच की," म्हणाली.

मी उठलो. तसाच, पंचा नेसलेला. म्हटलं, मुंडी परत आणणार! आत्ताच्या आत्ता. त्यानं भेजा काढायच्या आत! गल्लीत आलो, तरातरा चाललो, पोरं बाजूला झाली, हंबीरराव चरवी घिऊन उभा ऱ्हायला, आन् वर माळवदावर फक्रुद्दीन कर्णा सोडत होता, त्यानं वरनं हाक मारली, "बाळासो, कुठं निगाला?" मी थांबलोच न्हाय. गुंडूची चौकट आली. वाकलो, आत पाऊल टाकलं... आन् टाकल्यावर ध्यानात आलं, आयला, इतक्या वर्षांत हितं पाऊल टाकलं न्हवतं आपण.

आत गुंडू बसलाय. म्होरं ताट. ताटात मुंडी. अख्खी! हात लावलेला न्हाय. आन् गुंडू... पावणं, गुंडूचं डोस्कं पार पांढरं झालतं वो. मी दारातच थांबलो. त्याचा खोकला मी भिंतीपल्याडनं रोज ऐकत होतो, त्याच्या वहाणंचा आवाज वळखत होतो, पोरावर वरडतोय कवा, म्हशीला बोलवतोय कवा, समदं ठावं. पर भिंतीतनं केस कुठं दिसत्यात? माजा धाकटा भाऊ, ज्याला मी खांद्यावर बसवून खासबागेत कुस्त्या दावायला न्ह्यायचो, तो म्हातारा झालता आन् मला कुणी सांगितलंच न्हाय. ते जाऊ दे.

मी तोंड उघडलं. शब्द आलते ओठावर, 'मुंडी दे माजी!' तर हा उठला, आला आन् माज्या पायावरच पडला! "दादा," म्हणतोय, "दादा, मला ठावं होतं तू येणार! म्हणून मी हात लावला न्हाय. दादा आल्याबिगर खाणार न्हाय म्हटलं झुंबरला." तर म्होरं काय म्हणतोय ऐका! "दरसाली तू कर्ण्याचं तोंड माज्या घराकडं करायचास. लोक म्हणायचं, तुला तरास द्यायला करतोय. मी म्हणायचो, न्हाय! माजा दादा त्यातला न्हाय. मी भांडणापायी कीर्तनाला येत न्हाय, म्हणून दादा माज्यासाठी कीर्तन घरात धाडतोय! एकबी चुकवलं न्हाय मी, दादा. हितं सोप्यात बसून समदी ऐकली."

आता बोला! काय बोलता? त्याच्या डोळ्यांत पाणी, झुंबर पदर लावून रडतीया, आन् मी पंचा धरून उभा... मुंडी मागायला आलेला! मागू कशी? सांगू कसं, की बाबा, कर्णा तुज्या म्हशी बुजाव्यात म्हणूनच वळवला होता? 

तर गुंडू म्हणाला, "बस दादा." पाट मांडला. ताट उचललं आन् माज्या म्होरं ठेवलं! "मुंडी थोरल्याची. त्या साली चुकलंच माजं. खा तू." पावणं, असा जीव भांड्यात पडला! म्हटलं, बघा, देव हाय! भाऊबी मिळाला, मुंडीबी मिळाली. असा हात म्होरं केला, बोटं नुसती तर्रीला टेकणार... तर मागनं आवाज, "वा बाळासो!"

वळून बघतोय तर सगळी गल्ली दारात! हंबीरराव, पोरं, बायका, कर्णा काखेत धरून फक्रुद्दीन. आन् समद्यांच्या मागं आमची बायडाबाई. हंबीरराव डोळं पुशीत म्हणतोय, "आमी नुसतं ऐकलं! करून दावलं ते बाळासोनं! सोताचा मान उचलून भावाच्या ताटात घातला!"

आन् मग काय झालं, माजं मलाच कळलं न्हाय. माज्याच तोंडातनं शब्द आलं. मी म्हटलं, "न्हाय गुंडू. तू खा."

हे कोण बोललं? मी इकडं तिकडं बघितलं! मीच बोललो हुतो! आन् गुंडूनं भेजा काढला, माज्या डोळ्यांदेखत, आन् रडत रडत खाल्ला. मला बोटकं दिलं.

बरं, हितंच मिटलं असतं तर बरं. फुडल्या साली पिराजीबुवा परत आलं. कुणी तरी त्यांच्या कानावर घातलंच असणार. मी आपला खांबाला टेकून बसलोय, तर बुवांनी दृष्टांतच माजा काढला! पण बुवा माळकरी, मुंडी म्हणायची कशी देवळात? तर त्यांनी मुंडीचा नारळ केला! "मायबाप, ह्या बावड्यात दोन भाऊ होते. नारळाच्या मानापायी त्यांचं तुटलं..." आन् असं काय रंगवलं, असं काय रंगवलं... भिंत आली, कर्णा आला, थोरला भाऊ अनवाणी धावत निघाला, डोळ्यांना धार लागलेली... मी रडलो की! माजंच ऐकून मी रडलो! मला वाटलं, किती चांगला माणूस असंल तो थोरला. शेजारी गुंडू बसलेला, त्यानं माजा हात धरला. आन् खोटं न्हाय सांगत, मी सोडवला न्हाय. सोप्यातली भिंतबी पाडली आमी, तिच्या इटांचा गुंडूच्या म्हशींना गोठा झाला.

पण ह्या सगळ्यात माज्या मुंडीचं काय?... म्हाई आली. जेवान मांडलं. मुंडी आली. गुंडू म्हणाला, "दादा, तू घे." आता मी बुवांच्या दृष्टांतातला माणूस! मी 'दे' म्हणू कसा? गावोगाव माजं नाव झालंय. मी म्हटलं, "न्हाय गुंडू, तू घे." तो म्हणतोय, "थोरल्याची हाय." मी म्हणतोय, "धाकट्याला माया." "तू घे." "न्हाय, तू घे." रस्सा थंड झाला, तर्री थिजली, भावकी जेवून हात धुवायला गेली... आन् तेवढ्यात आमची बायडाबाई आली, मधलं ताट उचललं आन् गेली आत.

काय करती म्हणून मी वाकून बघितलं. चुलीपाशी दोघी जावा समोरासमोर बसल्यात, मधी ताट, आन् मुंडी अशी वाटून घेतल्याली! भेजासुदिक अर्धा अर्धा! मी म्हटलं, "आगं, हे काय?" तर तोंडातला घास न गिळता म्हणाली, "वाटून खावा, असं बुवांनीच सांगितलंय की."

आता दर म्हाईला हेच. त्या दोघी आत बसत्यात, आन् आमी दोघं भाऊ भायेर सोप्यात, एकमेकांचा मान ठिऊन, गप बसतो... आन् आतनं मटामटा हाडं फोडल्याचा आवाज येतोय.

ऐकायचं असतंय, पावणं. ऐकायचं.